खाजगी विहिरींच्या पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट आणि मानवी आरोग्य : एक विवेचन

प्रस्तावना

पिण्याच्या पाण्याच्या प्रदूषणाचा विचार करताना आपल्यासमोर प्रथम गढूळपणा, दुर्गंधी, जंतू आणि साथीचे रोग येतात. कॉलरा, कावीळ, विषमज्वर यांचा पाण्याशी असलेला संबंध सामान्य माणसालाही परिचित आहे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत फ्लोराइडचा प्रश्न लोकांना कळला तो दातांवरील पिवळ्या-तपकिरी डागांमुळे. नायट्रेटच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही खूण नाही. त्याला रंग नाही, वास नाही आणि पिण्याच्या पाण्यात सामान्यतः आढळणाऱ्या प्रमाणात चवही नाही. विहिरीचे पाणी काचेसारखे नितळ असावे, डाळ उत्तम शिजावी, पाहुण्याने 'तुमच्या विहिरीचे पाणी गोड आहे' असे म्हणावे, आणि त्याच पाण्यात मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट असावे, हे पूर्णपणे शक्य आहे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालानुसार देशभरातील १५,२५९ ठिकाणांहून मे २०२३ मध्ये घेतलेल्या नमुन्यांपैकी १९.८ टक्के नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. महाराष्ट्रापुरते हे प्रमाण ३५.७४ टक्के आहे. सर्वाधिक बाधित म्हणून ज्या १५ जिल्ह्यांचा उल्लेख झाला, त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ असे ७ जिल्हे एकट्या महाराष्ट्रातील आहेत. देशातील बाधित जिल्ह्यांची संख्या २०१७ मध्ये ३५९ होती, ती २०२३ मध्ये ४४० झाली. हे आकडे निरीक्षणासाठी निवडलेल्या स्रोतांचे आहेत. शेतात राहणारे कुटुंब ज्या स्वतःच्या विहिरीचे पाणी पिते, त्या विहिरीची तपासणी बहुधा कोणीच केलेली नसते. प्रस्तुत लेखात या खाजगी विहिरींच्या संदर्भात नायट्रेटचा उगम, त्याचे आरोग्यावरील परिणाम आणि आपल्या हाती असलेले उपाय यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

नायट्रेट विहिरीत येते कसे?

नायट्रेट म्हणजे नत्राचा एक व प्राणवायूचे तीन अणू मिळून बनलेला ऋणभारित आयन. फ्लोराइड प्रामुख्याने खडकातून येते, तर महाराष्ट्राच्या बेसॉल्ट खडकात नायट्रेट पुरविणारे खनिज नाही. त्यामुळे आपल्याकडील विहिरीत नायट्रेटचे प्रमाण लक्षणीय असेल, तर ते जमिनीच्या पृष्ठभागावरून, म्हणजे माणसाच्या व जनावरांच्या वावरातून आले आहे असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते.

शेतात टाकलेल्या युरियाचे जमिनीतील विकरांमुळे काही दिवसांतच अमोनियममध्ये रूपांतर होते. अमोनियम धनभारित असल्याने काळ्या जमिनीतील ऋणभारित चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात. परंतु नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू या अमोनियमचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्रेट स्वतः ऋणभारित असल्यामुळे माती त्याला धरू शकत नाही. पिकाच्या मुळांनी ते वेळेत शोषले नाही, तर पाण्याबरोबर ते खाली झिरपते. शेणखत, कोंबडखत व मलमूत्र यांतील नत्राचाही प्रवास शेवटी याच मार्गाने होतो. सेंद्रिय नत्रापासून नायट्रेट तयार होत नाही, हा समज चुकीचा आहे. पिकाला लागणाऱ्या नत्राचा फार मोठा भाग पीक शेवटी नायट्रेटच्याच रूपात घेते, मग ते गोणीतून आलेले असो वा गोठ्यातून.

येथे एक साधा हिशेब उपयुक्त ठरेल. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील चौथा हिस्सा जरी झिरपून गेला, तरी सुमारे ५.२ किलो नत्र, म्हणजेच सुमारे २३ किलो नायट्रेट भूजलात जाते. इतके नायट्रेट पाच लाख लिटर शुद्ध पाणी ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत आठ मीटर पाणी उभे असेल, तर त्यात सव्वादोन लाख लिटर पाणी मावते. म्हणजे एका गोणीच्या चौथ्या हिश्शाने अशा दोन विहिरी भरून मर्यादेला टेकतात. प्रत्यक्षात पावसाने पातळीकरण होते, काही नत्र वायुरूपाने हवेत जाते आणि सर्व नायट्रेट एकाच विहिरीत उतरत नाही, हे खरेच. पण प्रश्नाचा आवाका लक्षात येण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

गोणीच्या किमतीचाही यात वाटा आहे. २०१० मध्ये पोषणमूल्याधारित अनुदानाचे धोरण आले, तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला. स्फुरद व पालाश यांच्या खतांच्या किमती वाढत गेल्या आणि युरियाची गोणी मात्र सुमारे २६६ रुपयांवर राहिली. पिकाचा हिरवागार रंग युरियाने चटकन दिसतो. अशा वेळी शेतकरी युरियाचा हात सैल सोडतो, याचा दोष त्याच्या अज्ञानावर ढकलणे न्याय्य नाही. किमतीचे गणितच त्याला त्या दिशेने नेते.

तथापि केवळ युरियाकडे बोट दाखविल्याने विषय संपत नाही. दख्खनच्या पठारावरील उथळ विहिरींना पाणी पुरविणारा थर म्हणजे वरचा मुरूम आणि त्याखालील भेगाळलेला, सांध्यांचा खडक. हा थर पातळ असून त्याची साठवणक्षमता कमी असते. परिणामी अशा विहिरीचे पाणी फार दुरून येत नाही. ते बहुतांशी सभोवतालच्या काही हेक्टर क्षेत्राचे असते. म्हणूनच विहिरीला लागून असलेला गोठा, वर्षानुवर्षे एकाच जागी साठविलेला उकिरडा, न्हाणीचे सांडपाणी मुरणारी जागा आणि शौचालयाचा शोषखड्डा यांचा परिणाम शेतातील खतापेक्षाही अधिक तीव्र असू शकतो. शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या पाण्यात मोठी तफावत आढळण्याचे कारणही हेच आहे. 'गावचे पाणी तपासले, ते चांगले निघाले' या विधानावरून मळ्यातील विहिरीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

ऋतुमानाचाही विचार आवश्यक आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात. कोरड्या जमिनीत साठलेला नत्र पहिल्या पावसाने ओल मिळताच वेगाने नायट्रेटमध्ये बदलतो, आणि पाऊस जोराचा असेल तर भेगांच्या वाटेने थेट खाली उतरतो. पीक त्या वेळी एक तर पेरलेले नसते किंवा दोन पानांवर असते. त्याला ते घेता येत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालातही पावसाळ्यानंतर मर्यादेपलीकडील नमुन्यांचे प्रमाण थोडे वाढलेले दिसते. पावसाने विहीर भरली म्हणजे पाणी शुद्ध झाले, ही आपली समजूत नायट्रेटपुरती तरी तपासून पाहावी लागेल.

तान्ह्या मुलाच्या रक्तात काय घडते?

अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये दोन तान्ह्या मुलांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. मुले निळी पडत होती, पण हृदयात दोष आढळत नव्हता. त्यांचे दूध ज्या पाण्यात तयार केले जात होते, ते शेतावरील उथळ विहिरीचे होते आणि त्यात नायट्रेटचे प्रमाण फार मोठे होते. पाणी बदलताच मुले सुधारली. अशा विहिरी बहुधा जुन्या, कच्च्या बांधणीच्या आणि गोठ्याच्या वा शौचखड्ड्याच्या निकट असतात, हेही कॉम्ली यांनी नमूद केले होते. आठ दशकांपूर्वीचे हे वर्णन आपल्याकडील कितीतरी शेतवस्त्यांना जसेच्या तसे लागू पडते.

या आजाराचे शास्त्रीय नाव मेथहिमोग्लोबिनेमिया. बोलीभाषेत त्याला 'ब्लू बेबी' आजार म्हणतात, मात्र जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या मुलांसाठीही हाच शब्द वापरला जात असल्याने घोटाळा होतो. नायट्रेट स्वतः फारसे विषारी नाही. तोंडातील व पचनमार्गातील जिवाणू त्याचे नायट्राइट बनवितात, आणि हे नायट्राइट रक्तात जाऊन हिमोग्लोबिनमधील लोहाची अवस्था बदलते. द्विसंयुजी लोह त्रिसंयुजी होते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही. शिवाय उरलेल्या हिमोग्लोबिनलाही ते प्राणवायू सहजपणे सोडू देत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात मेथहिमोग्लोबिन सुमारे एक टक्का असते. ते १० टक्क्यांच्या पुढे गेले की ओठ, जीभ व नखे निळसर-करडी दिसू लागतात. प्रमाण आणखी वाढल्यास धाप, मलूलपणा, झटके आणि शेवटी मृत्यूही संभवतो. रक्ताचा नमुना तपकिरी, चॉकलेटसारखा दिसतो आणि हवेत ठेवूनही लाल होत नाही.

हे संकट सहा महिन्यांखालील बालकांवरच प्रामुख्याने का येते, याची कारणे त्यांच्या शरीरातच आहेत. मेथहिमोग्लोबिनचे पुन्हा हिमोग्लोबिन करणारे विकर त्यांच्यात प्रौढांच्या मानाने जवळपास निम्मेच कार्यक्षम असते. त्यांच्या जठरातील आम्लता कमी असते, म्हणजे सामू अधिक असतो, त्यामुळे नायट्रेटचे नायट्राइट करणारे जिवाणू तेथे वाढू शकतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा जो अंश त्यांच्या रक्तात शिल्लक असतो, तो अधिक सहजपणे बदलतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शरीराच्या वजनाच्या मानाने बालक प्रौढाच्या कितीतरी पट पाणी घेते. चार किलो वजनाचे मूल वरच्या दुधावर असेल आणि त्या दुधासाठी दिवसाला ६०० मिलिलिटर पाणी वापरले जात असेल, तर प्रतिलिटर ९० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यातून त्याला ५४ मिलिग्रॅम, म्हणजे दर किलो वजनामागे १३.५ मिलिग्रॅम नायट्रेट मिळते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरविलेले दैनंदिन ग्राह्य प्रमाण दर किलोमागे ३.७ मिलिग्रॅम आहे, आणि तेसुद्धा तीन महिन्यांखालील बालकांना लागू करू नये असे समितीनेच म्हटले आहे.

आईचे दूध या बाबतीत नैसर्गिक संरक्षण ठरते. आईने नायट्रेटयुक्त पाणी प्यायले तरी तिच्या दुधात ते त्या प्रमाणात उतरत नाही. आपल्याकडे स्तनपानाची परंपरा अद्याप टिकून आहे, ही मोठीच जमेची बाजू होय. धोका निर्माण होतो तो आईला दूध पुरत नसल्यास, ती बाळंतपणानंतर लवकर मजुरीला जात असल्यास किंवा ती हयात नसल्यास. मग गाईचे वा म्हशीचे दूध 'बाळाला जड पडेल' म्हणून पाणी घालून पातळ केले जाते, नाहीतर पावडरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालविले जाते. म्हणजे ज्या घरात मूल आधीच अशक्त आहे, तेथेच या पाण्याचा मारा सर्वाधिक होतो.

सावळ्या वर्णाच्या बालकात निळेपणा ओळखणे कठीण असते. त्यासाठी जिभेचा, ओठांच्या आतील भागाचा व नखांचा रंग पाहावा लागतो. कोविड-१९ च्या साथीनंतर नाडी-ऑक्सिमीटर हे उपकरण गावोगावी पोहोचले, पण ते या आजारात फसवे ठरते. मेथहिमोग्लोबिन वाढले की उपकरणाचा आकडा ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहतो आणि प्राणवायू देऊनही तो वर सरकत नाही. ही अडकलेली नोंदच निदानाचा संकेत ठरू शकते. निश्चित निदानासाठी लागणारी सुविधा प्राथमिक आरोग्य केंद्रात सामान्यतः नसते. तेव्हा आपल्याकडे अशा रुग्णांची नोंद विरळ आहे एवढ्यावरून आजारच नाही, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. वेळेत निदान झाल्यास मिथिलीन ब्लू या औषधाने रुग्ण झपाट्याने सुधारतो. मात्र ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते, त्यांना ते अपायकारक असल्याने हा उपचार रुग्णालयातच व्हावयास हवा.

४५ हा आकडा कोठून आला?

कॉम्ली यांच्या नोंदीनंतर अमेरिकेत अशा रुग्णांची पाहणी झाली. १९५१ मध्ये वॉल्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या संकलनात २७८ रुग्ण व ३९ मृत्यूंची नोंद आहे. ज्या रुग्णांच्या पाण्याचे मापन उपलब्ध होते, त्यांपैकी एकाच्याही पाण्यात नायट्रेट-नत्र प्रतिलिटर १० मिलिग्रॅमच्या आत आढळले नाही. येथूनच १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र, म्हणजे सुमारे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट, ही मर्यादा रूढ झाली. भारतीय मानक ब्यूरोच्या १०५०० : २०१२ या मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसला तरी तीत सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ५० मिलिग्रॅम आहे.

'नायट्रेट' आणि 'नायट्रेट-नत्र' या दोन एककांतील फरक अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर विशेष ठसविला पाहिजे. नायट्रेटचे आयनभार ६२, तर नत्राचा अणुभार १४. म्हणून नत्राच्या रूपातील आकड्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो. प्रयोगशाळेच्या अहवालात '१८' लिहिलेले असेल आणि ते नायट्रेट असेल, तर पाणी निर्धोक आहे. तेच नायट्रेट-नत्र असेल, तर प्रत्यक्षात ते सुमारे ८० मिलिग्रॅम नायट्रेट होय. एका अक्षरी टिपणीच्या अभावी अहवालाचा अर्थ उलटा होतो.

या मर्यादेवर वाद नाही असे नव्हे. १९९९ मध्ये एव्हरी यांनी असे प्रतिपादन केले की, बालकांतील या आजाराचे मुख्य कारण पाण्यातील नायट्रेट नसून आतड्याचा दाह व जुलाब हे आहे, कारण दाहाच्या स्थितीत शरीर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड व त्यापासून नायट्राइट निर्माण करते. जुन्या रुग्णांच्या विहिरी जंतुदूषितही होत्या, हे त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील दोन रुग्णांची २००० साली प्रसिद्ध झालेली नोंद आहे. त्यांच्या घरच्या विहिरींत नायट्रेट-नत्र अनुक्रमे २२.९ व २७.४ मिलिग्रॅम होते. माझ्या मते आपल्या परिस्थितीत हा वाद काहीसा तात्त्विक ठरतो. ज्या वाटेने उकिरड्याचे नायट्रेट विहिरीत उतरते, त्याच वाटेने जंतूही उतरतात. शेतवस्तीवरील मुलाला जुलाब आणि नायट्रेट हे दोन्ही एकाच पोहऱ्यातून मिळतात.

राजस्थानात झालेला एक अभ्यास येथे विशेष उल्लेखनीय आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रतिलिटर २६, ४५, ९५, २२२ व ४५९ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यावर राहणाऱ्या पाच वस्त्यांतील लोकांची तपासणी करण्यात आली. मेथहिमोग्लोबिनची वाढ केवळ बालकांत नव्हे, तर सर्व वयोगटांत आढळली. नायट्रेट ९५ मिलिग्रॅमपर्यंत वाढत असता शरीर संबंधित विकराची क्रियाशीलता वाढवून जुळवून घेते, पण त्यापुढे ही क्षमता ओसरते, असे संशोधकांना दिसले. 'आमचे आजे-पणजे हेच पाणी प्याले, त्यांना काय झाले?' या नेहमीच्या प्रश्नाचे एक उत्तर यात सापडते. शरीर जुळवून घेते, पण त्यालाही सीमा आहे. शिवाय आजोबांच्या काळात विहिरीभोवती युरिया नव्हता.

प्रौढांच्या आरोग्याचा प्रश्न

दीर्घकालीन परिणामांविषयीचे ज्ञान गेल्या दोन दशकांत बरेच पुढे गेले आहे, तथापि ते बालकांच्या आजाराइतके निर्विवाद नाही. नायट्राइट जठरात प्रथिनांच्या विघटनातून येणाऱ्या अमाइनांशी संयोग पावून नायट्रोसो संयुगे बनविते आणि त्यांतील अनेक संयुगे प्राण्यांत कर्करोगकारक ठरली आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० च्या प्रबंधात, शरीरात नायट्रोसो संयुगे तयार होतील अशा परिस्थितीत सेवन केलेले नायट्रेट वा नायट्राइट हे मानवासाठी 'संभाव्यतः कर्करोगकारक', म्हणजे २-अ गटातील, ठरविले आहे. २०१८ च्या वॉर्ड व सहकाऱ्यांच्या आढाव्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग, थायरॉइड ग्रंथीचे विकार आणि गर्भातील मज्जारज्जूचे दोष यांच्याशी असलेला संबंध सर्वाधिक सबळ मानला आहे. डेन्मार्कमध्ये १९७८ ते २०११ या काळातील सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात तर ३.८७ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यातही आतड्याच्या कर्करोगाची जोखीम वाढलेली आढळली. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. पण ४५ चा आकडा मुळात बालकांच्या तात्कालिक आजारावरून ठरला होता, आयुष्यभराच्या सेवनावरून नव्हे, हे मात्र विसरता कामा नये.

थायरॉइडच्या बाबतीत यंत्रणा सोपी आहे. ग्रंथीत आयोडीन ज्या वाटेने शिरते, त्याच वाटेवर नायट्रेट स्पर्धा करते. आहारात आयोडीन पुरेसे असेल तर हा परिणाम मर्यादित राहतो, म्हणून आयोडीनयुक्त मिठाचा आग्रह येथेही सार्थ ठरतो.

पालेभाज्यांत पाण्यापेक्षा कितीतरी अधिक नायट्रेट असते, मग पाण्याचीच चिंता का, असा आक्षेप घेतला जातो. तो अभ्यासू आक्षेप आहे. परंतु भाजीबरोबर क-जीवनसत्त्व व इतर घटक येतात आणि ते नायट्रोसो संयुगे बनण्यास अटकाव करतात. पाणी एकटेच येते. शिवाय आपल्या हवामानाचा विचार परदेशी हिशेबात नसतो. पाण्याच्या मानकांत प्रौढ माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे सामान्यतः धरले जाते. मे महिन्यात विदर्भात निंदणी-वखरणी करणारा मजूर पाच लिटर सहज पितो. पाणी अगदी ४५ च्या मर्यादेवर असले, तरी त्याला २२५ मिलिग्रॅम नायट्रेट मिळते. साठ किलो वजनासाठी ग्राह्य प्रमाण २२२ मिलिग्रॅम आहे, आणि त्याच्या भाकरी-भाजीतील नायट्रेट अद्याप मोजलेलेच नाही.

शेतवस्तीवरील विहीर कोणाची?

गावठाणातील सार्वजनिक विहिरीला ग्रामपंचायत आहे, जलसुरक्षक आहे, टीसीएल पावडर आहे, वर्षातून ठरलेल्या तपासण्या आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे घरोघरी नळ पोहोचविण्याचे काम पुढे गेले. परंतु गावठाणापासून दूर मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांचे पाणी बहुधा स्वतःच्या विहिरीचे वा कूपनलिकेचेच असते. जवाहर विहीर, धडक सिंचन विहीर यांसारख्या योजनांतून खोदलेल्या विहिरी कागदोपत्री सिंचनासाठी असतात. त्यांतून हंडा भरला जातो, ही गोष्ट कोणत्याच नोंदवहीत नसते.

कायद्याची दृष्टीही याच वळणाची आहे. पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनासाठी भूजलाचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास मनाई केली. त्याची जागा पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने घेतली. खाजगी विहिरीपासून सार्वजनिक स्रोताचे रक्षण करणे हा या मनाईचा हेतू होता. खाजगी विहीर हाच एखाद्या कुटुंबाचा पेयजल स्रोत असेल, तर तिचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न त्यात उपस्थित होत नाही. अमेरिकेतही १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा खाजगी विहिरींना लागू नाही. तथापि न्यू जर्सी राज्याने २००१ मध्ये कायदा करून घर विकताना त्याच्या विहिरीचे पाणी तपासणे बंधनकारक केले आणि तपासावयाच्या घटकांत नायट्रेटचा समावेश केला. आपल्याकडे सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, जमिनीच्या किमतीत विहीर धरली जाते; तिच्या पाण्याच्या गुणवत्तेचा मात्र खरेदीखतात उल्लेखही नसतो.

घरगुती उपाय व त्यांतील गैरसमज

सर्वांत घातक गैरसमज उकळण्याचा आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट उडून जात नाही. उलट वाफ गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. प्रतिलिटर ६० मिलिग्रॅम नायट्रेटचे पाणी एक चतुर्थांश आटेपर्यंत उकळले, तर उरलेल्या पाण्यात ते ८० मिलिग्रॅम होते. म्हणजे बाळासाठी दक्षतेने अधिक वेळ पाणी उकळणारी आई नकळत त्याचे नायट्रेट वाढवीत असते. टीसीएल पावडर, तुरटी, मेणबत्तीचा फिल्टर, वाळूचा माठ यांचे आपापले उपयोग आहेत. पण नायट्रेटवर त्यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. व्युत्क्रम परासरण, म्हणजे आर.ओ., यंत्राने ते बऱ्याच अंशी निघते, मात्र पटल वेळेवर बदलले तरच. या यंत्राने बाहेर टाकलेले, अधिक नायट्रेट असलेले पाणी विहिरीशेजारीच सोडले जात असेल, तर त्याचा काही भाग पुन्हा पोहऱ्यात येतो.

तुलनेने स्वस्त असा एक मार्ग फारसा चर्चिला जात नाही. पावसाचे छतावरून धरलेले पाणी नायट्रेटच्या दृष्टीने जवळपास निर्धोक असते. संपूर्ण कुटुंबासाठी वर्षभराचा साठा करणे बहुतेकांना शक्य नाही. पण वरच्या दुधावरील बाळाला दिवसाला एक लिटर पाणी धरले, तरी सहा महिन्यांसाठी १८० लिटर पुरते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून देऊन पुढचे पाणी स्वच्छ, झाकणाच्या टाकीत साठविले आणि वापरताना उकळले, तर एका पिंपाएवढ्या साठ्यात प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग सुटू शकतो. त्यात मुळात नायट्रेट नगण्य असल्याने उकळण्याचा तोटाही उरत नाही.

विहिरीच्या पातळीवर करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. उकिरडा व गोठा विहिरीच्या चढाच्या बाजूला नसावा. गोमूत्र व धुण्याचे पाणी वाहून नेणारी पक्की नाली असावी. विहिरीला कठडा व भोवती उताराचा सिमेंटचा ओटा असावा आणि वरचे काही मीटर बांधकाम निर्झिर असावे. शेतात युरिया एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार विभागून द्यावा, पेरणीपूर्वी ओतू नये. कूपनलिका खोल घेतली की प्रश्न मिटला, असे मात्र समजू नये. भेगाळलेल्या खडकात वरचे पाणी खाली उतरण्यास वेळ लागत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार पर्यावरण अभ्यास हा विषय पदवी पातळीवर अनिवार्य झाला आणि त्याबरोबर क्षेत्रीय प्रकल्पही आला. हे प्रकल्प पुष्कळदा झाडांच्या छायाचित्रांत व उतरवून काढलेल्या मजकुरात संपतात, हे आपण सर्व जाणतो. ग्रामीण महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी शेतवस्तीवरून येतात. रसायनशास्त्र विभागात अतिनील वर्णपटमापक असेल, तर नायट्रेटचे मापन अवघड नाही. गाळलेला नमुना हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्ल करून २२० नॅनोमीटरवर शोषण घ्यावयाचे आणि सेंद्रिय द्रव्याच्या दुरुस्तीसाठी २७५ नॅनोमीटरवरील शोषणाची दुप्पट त्यातून वजा करावयाची. ही पद्धत प्रतिलिटर ११ मिलिग्रॅम नायट्रेट-नत्रापर्यंतच सरळ रेषेत चालते, म्हणून आपल्याकडील अनेक नमुने विरल करूनच मोजावे लागतील. असा वर्णपटमापक नसेल, तर फिनॉल-डायसल्फोनिक आम्लाची जुनी पद्धत साध्या रंगमापकावर करता येते. त्यात क्लोराइडचा अडथळा आधी दूर करावा लागतो.

नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, पंप काही मिनिटे चालू ठेवून मगच ती भरावी, बर्फात ठेवून आणावी आणि ४८ तासांच्या आत तपासावी. प्रत्येक विहिरीची मे महिन्यात एकदा व ऑक्टोबरमध्ये एकदा अशी दोन मापने हवीत. नोंदवहीत विहिरीची खोली, बांधणी, उकिरड्याचे व शौचालयाचे अंतर, चढ-उताराची दिशा आणि घरात सहा महिन्यांखालील मूल वा गरोदर स्त्री आहे काय, हे रकाने असावेत. ज्या घरी असे मूल आहे आणि आकडा ४५ च्या पुढे आहे, त्या घरचा निकाल प्रकल्प-अहवाल बांधून होईपर्यंत थांबवू नये; तो त्याच दिवशी विद्यार्थ्याबरोबर घरी, आणि आशा कार्यकर्तीमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचावा.